ग्रेडियस : एक अनुवाद आणि त्याच्या समासातील टीप

मराठी विषय शिकविणाऱ्यांनी व्हिडिओ गेमविषयी का लिहावे, असा प्रश्न आमच्या नेहमीच्या वाचकांना पडला तर तो गैर म्हणता येणार नाही. काही वर्षांपूर्वी आम्हालाही तो पडला होता. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी ‘व्हिडिओ गेममधील कथन’ असा विषय सुचविला होता. ‘हे साहित्य नव्हे’ एवढ्या तीन शब्दांत आम्ही त्याला परत पाठविले. त्याने वाद घातला नाही. ग्रामीण कथेवरचा एक सरळ विषय घेतला, लघुप्रबंध वेळेत दिला, पदवी घेतली आणि गेला. उत्तर आम्ही दिले होते खरे. पण ते विचार करून दिले नव्हते, ही बोच मागे राहिली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची उशिरा केलेली तपासणी आहे.

तपासणीसाठी आम्ही एकच खेळ निवडला आहे : कोनामी या जपानी कंपनीचा ‘ग्रेडियस’. अवकाशयान, शत्रूंच्या झुंडी, डावीकडून उजवीकडे चाललेला प्रवास आणि अखंड गोळीबार, असे त्याचे वर्णन एका वाक्यात संपते. वर्णन संपते तेथून इतिहास सुरू होतो.

१. आडव्या ओळीचा जन्म

अवकाशयुद्धाच्या खेळांची परंपरा १९७८ सालच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’पासून मोजण्याचा प्रघात आहे. तैतो या कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेल्या या खेळात शत्रू वरून रांगेने उतरतात आणि खेळणारा पडद्याच्या तळाशी डावी-उजवीकडे सरकत त्यांना टिपतो. पडदा स्थिर असतो. जग म्हणजे तेवढा चौकोन.

१९८१ साली या चौकोनाच्या भिंती पडल्या. अमेरिकेतील विल्यम्स कंपनीच्या ‘डिफेंडर’मध्ये पडद्याबाहेरही प्रदेश होता आणि यान दोन्ही दिशांना जाऊ शकत होते. त्याच वर्षीच्या कोनामीच्या ‘स्क्रॅम्बल’ने वेगळी वाट धरली. तेथे भूमी आपोआप मागे सरकत राहते आणि यानाला पुढेच जावे लागते. प्रवासाचे टप्पे वेगवेगळे असतात आणि इंधन संपत असते. वाचनाशी तुलना करायची तर ‘डिफेंडर’मध्ये पाने मागेपुढे चाळता येतात, ‘स्क्रॅम्बल’मध्ये ओळ स्वतःच सरकते आणि डोळ्यांना तिच्या गतीने जावे लागते. थांबण्याची मुभा नाही, मागे वळण्याची नाही. ‘ग्रेडियस’ ही या दुसऱ्या वाटेची संतती होय.

कोनामीची सुरुवात १९६९ साली ओसाकात झाली. नाणे टाकून गाणे ऐकण्याची ज्यूकबॉक्स यंत्रे भाड्याने देणे आणि दुरुस्त करणे हा तिचा मूळ धंदा. नाणे टाकणाऱ्या माणसाला किती वेळात किती सुख द्यायचे, हा हिशेब तिच्या रक्तातच होता असे म्हणावे लागेल. हिरोयासु माचिगुची यांच्या नेतृत्वाखाली तिच्या एका चमूने ‘स्क्रॅम्बल’चा वारसा पुढे नेणारा खेळ हाती घेतला आणि मे १९८५मध्ये ‘ग्रेडियस’ जपानच्या खेळघरांत आला. जपानबाहेर त्याच यंत्राचे नाव ‘नेमेसिस’ होते. एकाच संहितेची दोन शीर्षके, ही गुंतागुंत येथूनच सुरू होते.

२. निवडीचे व्याकरण

कथानक नावापुरते आहे. ग्रेडियस नावाच्या ग्रहावर बॅक्टेरियन साम्राज्याने हल्ला केला आहे आणि ‘व्हिक वायपर’ हे एकटे यान प्रतिकाराला निघाले आहे. ज्वालामुखी, पाषाणांचा प्रदेश, तोंडातून कडी फेकणाऱ्या मोआई पुतळ्यांचा प्रदेश, उलटे टांगलेले ज्वालामुखी, लवचीक भुजांचे जीव, पेशींनी भरलेली पोकळी आणि शेवटी शत्रूचा किल्ला, असे सात टप्पे. प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावरचे पुतळे अवकाशात का, असे विचारण्यात अर्थ नाही. अद्भुताच्या प्रदेशात अशी उसनवारी सर्व भाषांत चालत आली आहे.

या खेळाचे वैशिष्ट्य कथेत नाही, व्याकरणात आहे. काही शत्रू किंवा शत्रूंची पूर्ण रांग नष्ट केली की एक कुपी उरते. ती गोळा केली की लगेच काही मिळत नाही. पडद्याच्या तळाशी सहा घरांची एक पट्टी असते. प्रत्येक कुपीसरशी खूण एक घर पुढे सरकते. पहिले घर वेगाचे, दुसरे क्षेपणास्त्राचे, तिसरे दुहेरी माऱ्याचे, चौथे लेसरचे, पाचवे ‘ऑप्शन’चे, सहावे संरक्षक कवचाचे. खूण हव्या त्या घरावर असताना कळ दाबली की ते सामर्थ्य मिळते आणि पट्टी पुन्हा रिकामी होते. दुहेरी मारा आणि लेसर एकत्र बाळगता येत नाहीत. एक घेतले की दुसरे जाते. ‘ऑप्शन’ म्हणजे यानाच्या मागोमाग त्याच्याच वाटेने फिरणारा आणि त्याच्याबरोबरच मारा करणारा तेजोगोल.

एका कुपीत वेग घ्यावा की पाच कुप्या साठवून ‘ऑप्शन’ची वाट पाहावी? वाट पाहताना जीव गेला तर साठवलेले सगळे व्यर्थ. लवकर खर्च केले तर मोठे काही हाती येत नाही. संसारी माणसाला हा पेच सांगण्याची गरज नाही. याआधीच्या खेळांत सामर्थ्य मिळत असे ते दैवाने, समोर आले म्हणून. येथे ते संचयातून आणि निर्णयातून मिळते. ‘पात्राची जडणघडण’ असे आपण कथेविषयी बोलताना म्हणतो. ‘ग्रेडियस’मध्ये ती जडणघडण खेळणाऱ्याच्या कळ दाबण्यातून घडते आणि दोन माणसांचे यान शेवटच्या टप्प्यावर सारखे असेलच असे नाही.

याची दुसरी बाजू मृत्यूची. यान एकदा आदळले की मिळवलेले सर्व जाते. वेग जातो, लेसर जातो, ‘ऑप्शन’ जातात, आणि खेळ थोडा मागे नेऊन त्याच कठीण प्रदेशात त्या मंद, दुबळ्या यानासह पुन्हा सोडतो. भरल्या हाताने जी वाट सोपी वाटत होती, ती रिकाम्या हाताने जवळपास अशक्य होते. खेळणाऱ्यांच्या बोलीत या अवस्थेला पुढे ‘ग्रेडियस सिंड्रोम’ असे नावच पडले. शोकात्मिकेत नायकाच्या पतनावर पडदा पडतो. येथे पडदा पडत नाही. पतनानंतरचे जगणे हाच खेळाचा सर्वांत कठीण भाग ठरतो.

आणि शेवट? किल्ल्याच्या गाभ्यात एक प्रचंड मेंदू बसलेला असतो. सात टप्पे ओलांडून त्याच्यासमोर पोहोचावे, तर तो काहीच करीत नाही. गोळी झाडत नाही, हलत नाही. त्याला जोडणारे बंध तोडले की तो नष्ट होतो आणि खेळ पहिल्या टप्प्यापासून, अधिक कठीण होऊन, पुन्हा सुरू होतो.

३. उबेवर जगणारी प्रत

‘ग्रेडियस’ची आद्य प्रत ज्या माध्यमावर होती ते माध्यम मुद्दाम सांगण्यासारखे आहे. कोनामीने या सुमारास ‘बबल सिस्टिम’ नावाची यंत्रणा वापरली होती. तिच्यात माहिती चुंबकीय बुडबुड्यांच्या रूपात साठविली जाई. ही स्मृती थंड असताना नीट काम करीत नसे. म्हणून यंत्र सुरू केल्यावर ते पुरेसे गरम होईपर्यंत पडद्यावर उलटी मोजणी चाले आणि तेवढा वेळ एक शांत, गोड धून वाजे. ‘मॉर्निंग म्युझिक’ हे तिचे नाव. सकाळी खेळघर उघडणाऱ्या माणसाच्या कानी ती पडत असणार. खेळायला आलेल्यांपैकी थोड्यांनीच ती ऐकली असेल.

या खेळाच्या संगीतात मिकी हिगाशिनो यांचा मोठा वाटा होता. त्यांचा जन्म १९६८चा. म्हणजे त्या वेळी त्या जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. पुढे ‘सुइकोदेन’ (१९९५) या खेळाच्या संगीतामुळे त्यांचे नाव सर्वत्र झाले. पण १९८५ साली जपानी खेळांच्या जगात रचनाकारांची खरी नावे लोकांपुढे आणण्याची पद्धत रुळलेली नव्हती. आपल्याकडील अनाम शाहिरांविषयी, ओव्या रचणाऱ्या स्त्रियांविषयी आपण हळहळ व्यक्त करतो. हे अनामत्व मात्र छापखाने, दूरदर्शन आणि करारपत्रे असलेल्या काळातले आहे.

बुडबुड्यांची ती स्मृती नाजूक आणि महाग होती. कोनामीने ती लवकरच सोडून दिली आणि खेळ साध्या चिपवर आणला. मूळ यंत्रणेवरच्या चालू प्रती आज अगदी थोड्या उरल्या आहेत. पोथीला कसर लागते तशी याही पोथीला लागते.

४. चौसष्ट किलोबाइटांतील अनुवाद

२५ एप्रिल १९८६ रोजी ‘ग्रेडियस’ घरात आला. निन्तेंदोचे ‘फॅमिकॉम’ हे घरगुती यंत्र जपानात जुलै १९८३मध्ये, १४,८०० येनांना, विक्रीस आले होते. त्याच्यासाठी कोनामीने खेळाची नवी प्रत तयार केली. अमेरिकेत ती १९८६च्या अखेरीस पोहोचली. या कामाला तंत्रज्ञांच्या भाषेत ‘पोर्ट’ म्हणतात. आम्ही त्याला अनुवाद म्हणू, आणि हा शब्द केवळ अलंकार म्हणून वापरीत नाही.

अनुवादकाच्या हाती जी लक्ष्यभाषा होती ती विलक्षण दरिद्री होती. फॅमिकॉमची कार्यस्मृती २ किलोबाइट. खेळाची संपूर्ण कॅसेट ६४ किलोबाइटांची; त्यांतील ३२ आज्ञावलीसाठी आणि ३२ चित्रांसाठी. तुलनेसाठी सांगायचे तर वाचक आता वाचीत असलेला हा एकटा लेख संगणकावर साठविताना त्याच्या साधारण निम्मी जागा घेईल. पडद्यावर हलणारे चित्रांचे तुकडे एका वेळी फार तर ६४, आणि एका आडव्या रेषेवर फार तर ८. आता आठवावे की हा खेळ आडवा आहे. यान, तेजोगोल, गोळ्या आणि समोरून येणारे शत्रू हे सगळे एकाच रेषेवर गर्दी करतात. आठाहून अधिक झाले की उरलेले दिसेनासे होतात. मग आज्ञावली लिहिणाऱ्याने युक्ती करावी लागते : या क्षणी हे आठ दाखवायचे, पुढच्या क्षणी दुसरे. फॅमिकॉमच्या खेळांत वस्तू लुकलुकताना दिसतात त्याचे कारण हे आहे. ते दुबळेपण आहे, आणि दुबळेपण वाटून घेण्याची ती रीतही आहे.

अनुवादात काय गमावले? खेळघरातील यानामागे चार ‘ऑप्शन’ फिरू शकत. घरच्या यानामागे दोनच. पडदाभर सरळ जाणारी लेसरची रेघ घरात आखूड झाली. काय राखले? सहा घरांची पट्टी राखली. दुहेरी मारा आणि लेसर यांतील विरोध राखला. मृत्यूनंतरचे दारिद्र्य राखले. मोआई राखले. म्हणजे शब्दसंपत्ती कमी झाली, पण वाक्यरचना शाबूत राहिली. कवितेचा अनुवाद करणाऱ्याला नेमकी हीच निवड करावी लागते. काय सोडायचे हे ज्याला कळते तोच अनुवादक, असे आम्ही वर्गात सांगत आलो आहोत. आमच्या उदाहरणांत मात्र आजवर फक्त पुस्तके होती.

५. समासातील टीप

या अनुवादाच्या कामात काझुहिसा हाशिमोतो नावाचे एक आज्ञावलीकार होते. खेळ तयार करताना तो वारंवार तपासून पाहावा लागतो. हाशिमोतो यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे मूळ खेळ त्यांनी फारसा खेळलेला नव्हता आणि तो पार करणे त्यांना जमत नव्हते. म्हणून त्यांनी स्वतःपुरती एक सोय केली. खेळ मध्येच थांबवायचा आणि कळी अशा क्रमाने दाबायच्या : वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. यानाला बहुतेक सर्व सामर्थ्ये एकदम मिळत. क्रम लक्षात राहायला सोपा आणि चुकून दाबला जाण्याची शक्यता कमी, एवढाच त्यामागचा विचार. खेळ बाजारात गेला तेव्हा ही सोय आत तशीच राहून गेली.

पुढचा इतिहास अनेकांना ठाऊक असेल. कोनामीच्या इतर खेळांत हाच क्रम पुन्हा पुन्हा येऊ लागला. १९८८ सालच्या घरगुती ‘कॉन्ट्रा’त त्याने ३० जीव मिळत, आणि त्या खेळाने तो जगभर नेला. ‘कोनामी कोड’ या नावाने तो ओळखला जाऊ लागला. सुपर फॅमिकॉमवरील ‘ग्रेडियस ३’मध्ये (१९९०) तर निर्मात्यांनी खोडी काढली. जुना क्रम जसाच्या तसा दाबला की यान सज्ज होते आणि क्षणात स्वतःच फुटते. ज्याला पाठांतर आहे पण ज्याने नवा पाठ वाचला नाही, त्याची ही थट्टा. याच सुमारास कोनामीने ‘पारोडियस’ ही आपल्याच खेळाची विडंबनमालिकाही सुरू केली होती. परंपरा स्वतःवर हसू लागली की ती रुजली असे समजावे.

हाशिमोतो २५ फेब्रुवारी २०२० रोजी वारले. वय ६१. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यांच्या निधनाची नोंद घेतली ती त्या दहा कळींमुळे. आम्हाला यात एक मोठी विसंगती दिसते. मूळ रचनाकारांची नावे थोड्यांना ठाऊक. अनुवाद म्हणून अनुवादाचा विचार कोणी केलेला नाही. आणि अनुवादकाने आपल्या असमर्थतेपोटी समासात लिहिलेली खासगी टीप मात्र मूळ संहितेपेक्षा अधिक लोकांना मुखोद्गत झाली. ‘मला हे जमत नाही’ असे कबूल करणारी ती टीप होती. कदाचित म्हणूनच ती सर्वांची झाली.

६. आमच्याकडे आलेली प्रत

१९९०च्या दशकात महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत ‘टीव्ही गेम’ आला तो बहुतेक वेळा फॅमिकॉमच्या नकलेच्या रूपाने. कॅसेटवर भल्यामोठ्या आकड्यांच्या खेळांची बढाई असे आणि आत तेच ते थोडे खेळ फिरून फिरून येत. अशा कॅसेटींत शीर्षकपटावरून कंपनीचे नाव आणि वर्ष अनेकदा पुसलेले असे. सोबत पुस्तिका नसे. कर्ता नाही, काळ नाही, स्थळ नाही. पोथ्यांच्या अभ्यासकाला ओळखीची वाटावी अशीच ही स्थिती होती.

आम्हा दोघांपैकी एकाने ‘ग्रेडियस’ अशाच एका कॅसेटीवर, मे महिन्याच्या सुटीत, आतेभावाच्या घरी पाहिला. आतेभावाने ‘कॉन्ट्रा’चा मंत्र आधीच शिकविला होता : खेळ सुरू होण्यापूर्वी, शीर्षक दिसत असताना दाबायचा. तोच मंत्र ‘ग्रेडियस’च्या शीर्षकावर दाबून पाहिला. काहीच झाले नाही. “याला चालत नाही रे,” असा निर्णय देऊन आतेभावाने खेळ बदलला. मंत्र ज्या खेळासाठी प्रथम लिहिला गेला, त्याच खेळाला तो लागू नाही असे ठरले. आधी खेळ थांबवायचा असतो, हा विधीचा भाग मौखिक परंपरेत गळून गेला होता. शब्द टिकले, प्रयोगाचा संदर्भ हरवला. हे आम्हाला उमजायला जवळपास तीस वर्षे जावी लागली, आणि ते उमजले तेव्हा लोकसाहित्याच्या तासाला वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिलेले आमचेच एक वाक्य आम्हाला प्रथमच नीट कळले.

७. तपासणीचा निष्कर्ष

‘हे साहित्य नव्हे’ हे आमचे उत्तर चुकीचे होते काय? शब्दशः पाहता नव्हते. ‘ग्रेडियस’ला साहित्यकृती म्हणण्याचा आमचा आग्रह नाही. त्यात वाक्य नाही, आणि भाषेविना साहित्याची कल्पना आम्हाला करवत नाही. चूक उत्तरात नव्हती; त्या उत्तराने प्रश्न संपतो असे मानण्यात होती. पाठभेद, अनुवाद, अनामत्व, मौखिक परंपरा, विडंबन ही आमच्या विषयाची अवजारे आहेत आणि वर पाहिल्याप्रमाणे ती येथे चालतात. तंत्रज्ञ यंत्राचा इतिहास लिहितील, व्यापारी विक्रीचा लिहितील. संहितेचा इतिहास कोणी लिहायचा?

हा प्रश्न तातडीचाही आहे. २०२५ साली कोनामीने ‘ग्रेडियस ओरिजिन्स’ हा संग्रह प्रसिद्ध केला. एकाच खेळाचे देशपरत्वे झालेले निरनिराळे पाठ त्यात शेजारी शेजारी ठेवले आहेत. संपादनाची ही दृष्टी आम्हाला कौतुकास्पद वाटते. पण प्रसिद्ध झाला तेव्हा तो संग्रह खेळघरातील पाठांचा होता. दोन ‘ऑप्शन’चा, लुकलुकणारा, हाशिमोतोंची टीप पोटात असलेला घरगुती अनुवाद तेव्हा त्यात नव्हता. निन्तेंदोने २०१६ साली काढलेल्या आपल्या जुन्या यंत्राच्या छोट्या आवृत्तीत तो होता. आणि आमच्याकडील कॅसेटी, ज्यांवर एका पिढीने हे सगळे अनुभवले, त्या कोणत्याच संग्रहात नाहीत. त्या कोणत्या बाजारातून आल्या, कोणत्या गावांत पोहोचल्या, मुलांनी त्या खेळांना कोणती मराठी नावे दिली, याची नोंद करणारी माणसे अजून चाळिशी-पन्नाशीत आहेत. आणखी तीस वर्षांनी ती विचारायला सापडणार नाहीत.

त्या विद्यार्थ्याचा पत्ता आम्ही शोधला. तो आता एका तालुक्याच्या गावी शिकवितो. हा लेख त्याला आधी पाठविला, तेव्हा त्याने दोनच ओळींचे उत्तर धाडले : “सर, घरी जुनी कॅसेट अजून आहे. चालते की नाही, पाहून कळवतो.” आम्ही वाट पाहत आहोत.